अठरा हजार अडुसष्ट दिवस

सुबोधने रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा तिसऱ्यांदा दंडाभोवती गुंडाळला, कोपर टेबलावर टेकवलं आणि श्वास सावकाश सोडला. पट्टा फुगत गेला, दंड आवळला गेला आणि मग सगळी हवा एकदम निघून गेली. एकशे चौतीस, शहाऐंशी. दहा मिनिटांपूर्वी वरचा आकडा एकशे अडतीस होता, त्याआधी एकशे एकतीस. तिन्ही आकडे त्याने फोनमधल्या तक्त्यात भरले आणि पट्टा न काढताच पुन्हा बटणाकडे बोट नेलं.

शेगडीपाशी आई पोळ्या लाटत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"एकदा मोजून भागत नाही का रे?"

"सरासरी काढायची असते, आई."

"सरासरी वर्गाची काढतात. एकट्या माणसाची कसली सरासरी?"

पुण्याच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला यावर उत्तर देण्यात अर्थ नव्हता. त्याने पट्टा काढला. दंडावर जाळीदार लालसर वळ उमटला होता. तो त्याने शर्टाच्या बाहीखाली झाकला.

शलाका कामावरून आली ती सायकल मागच्या अंगणात लावून थेट स्वयंपाकघरात शिरली. तिचं ऑफिस अॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात होतं आणि हार्लेमपर्यंत येता येता दोन गाड्या बदलाव्या लागत. तिने टेबलावरचं यंत्र पाहिलं आणि मग ताटं.

"आज काय बंद आहे? काल भात होता, परवा बटाटा."

"काही बंद नाही. मी फक्त एकच पोळी घेणार आहे."

"आई, याला विचारा, आमच्या लग्नात याने जिलब्यांची पैज मारली होती की नाही."

"मारली होती," आई म्हणाली. "आणि हरला होता." पण पोळी तव्यावर टाकताना तिने एकवार वळून सुबोधच्या तोंडाकडे पाहिलं. ते पाहणं थट्टेचं नव्हतं.

जूनची पाच तारीख होती. अजून दहा दिवस होते.

ही गोष्ट सुबोधने कुणालाच सांगितली नव्हती. त्याच्या लॅपटॉपवर 'घर - किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये एक फाइल होती आणि त्या फाइलमध्ये मोजून तीन ओळी. पहिल्या ओळीत वडिलांची जन्मतारीख, एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस, आणि शेवटचा दिवस, एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याण्णव. त्यापुढे दिवसांची संख्या, अठरा हजार अडुसष्ट. दुसऱ्या ओळीत त्याची स्वतःची जन्मतारीख आणि आजचा दिवस. तिसऱ्या ओळीत वजाबाकी, जी रोज एकाने कमी होत होती. पंधरा जूनला तिथे शून्य येणार होतं. त्या दिवशी तो वडील गेले तेव्हा होते बरोबर तेवढ्या वयाचा होणार होता.

फाइल त्याने सात वर्षांपूर्वी एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये सहज बनवली होती. तेव्हा तिसऱ्या ओळीतला आकडा अडीच हजारांवर होता आणि ती एक गंमत होती. गंमत केव्हा संपली हे त्याला सांगता आलं नसतं. गेल्या वर्षभरात तो दोनदा हाउसआर्ट्सकडे, म्हणजे गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आला होता. दुसऱ्या वेळी त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट नीट वाचले, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं होतं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" तो म्हणाला होता, कोलेस्टेरॉलची. कोलेस्टेरॉल ठीक होतं.

वडिलांना कुठलं व्यसन असतं, ते बैठं काम करत असते, तर त्याला सोपं गेलं असतं. ते पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या काठाने रोज दहा-बारा किलोमीटर पायी, जेवायला भाकरी, संध्याकाळी सातला शेवटचा घास. सुपारीसुद्धा नाही. आणि एका सकाळी बुटाची नाडी बांधायला ते वाकले, ते परत उठलेच नाहीत. सुबोध तेव्हा बाविसाव्या वर्षात होता. वडिलांची कुठली सवय टाळावी म्हणजे आपण वाचू, हे त्याला गेली सत्तावीस वर्षं सापडत नव्हतं. म्हणून तो सगळंच टाळून पाहत होता.

पिंक्स्टरच्या, इथल्या एका ख्रिस्ती सणाच्या, सुट्टीच्या सोमवारी शेजारची कॉरी अॅपल पाय घेऊन आली. कॉरी ब्याऐंशी वर्षांची होती, एकटी राहायची, बाजारहाट सायकलवर करायची आणि ऑक्टोबरपर्यंत झांडफोर्टच्या समुद्रात पोहायची. एप्रिलमध्ये पुण्याहून आल्यावर आई पहिल्यांदा तिच्याकडे कॉफीला गेली होती, तेव्हा कॉरीने प्रत्येकासमोर एकेक बिस्किट ठेवून डब्याचं झाकण लावून टाकलं होतं. घरी आल्यावर आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. पुढे आठवडाभर तिला वाटत राहिलं की या बाईच्या तब्येतीचं रहस्य त्या झाकणातच असावं.

आज मात्र कॉरी बोलावण्यावरून आली होती. सुबोधच्या लेकीला, ईशानीला, शाळेत वर्गासमोर भाषण करायचं होतं आणि तिने विषय घेतला होता, 'निरोगी म्हातारपण: दोन घरं'. अकरा वर्षांच्या ईशानीने अंगणातल्या टेबलावर मोठा कागद पसरून रकाने आखले होते. एका बाजूला कॉरीचं घर, दुसऱ्या बाजूला आपलं. वरून खाली तीन पिढ्या.

"दहा वर्षांची असताना तू सकाळी काय खायचीस?" तिने आधी डचमध्ये कॉरीला विचारलं आणि मग मान वळवून, "आजी, यू टू."

"भाकरी. रात्रीची उरलेली, दुधात कुस्करून."

"एव्हरी डे?"

"उरली असेल त्या दिवशी."

कॉरीचं उत्तर ब्रेड आणि लोणी असं होतं. ते ऐकून ईशानीने एकीकडे 'शिळं' आणि दुसरीकडे 'ताजं' असं लिहिलं. मग शाळेपर्यंतचं अंतर आलं, झोपेचे तास आले, गोड किती खायचे ते आलं. कॉरी अगदी नेमकी उत्तरं द्यायची, आई प्रत्येक उत्तरात एकेक गोष्ट घालायची आणि ईशानी ती कापून आकडा तेवढा ठेवायची. उपास समजावताना मात्र ती अडकली.

"सो यू डोन्ट ईट, पण साबुदाणा खातेस?"

"हो."

"अँड पोटॅटो. अँड शेंगदाणे. आजी, दॅट्स मोअर कॅलरीज दॅन नॉर्मल."

"देवाला कॅलरी कळत नाहीत गं," आई म्हणाली. शलाका आत कॉफी ओतत होती, तिलाही हसू आवरलं नाही.

कॉरीला अनुवाद ऐकून उपासांचं वेगळंच काही आठवलं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ती दोन वर्षांची होती. खायला काही उरलं नाही तेव्हा तिच्या आईने ट्यूलिपचे कंद उकडून पोरांना घातले होते. सुबोधच्या आईने ते ऐकून कॉरीच्या हातावर हात ठेवला आणि ईशानीला म्हणाली, "तिला सांग, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. घशाखाली उतरायच्या नाहीत." हे वाक्य डचमध्ये नेताना ईशानी दोनदा थांबली. मग तिने कागदावर दोन्ही रकान्यांत एकच शब्द लिहिला, 'भूक', आणि त्याभोवती चौकोन काढला.

सुबोध जरा बाजूला बसून अॅपल पायच्या तुकड्याची कड काट्याने कोरत होता. खात नव्हता. घड्याळाने मनगटावर थरथरून उठून चालायची आठवण केली. तो उठला, कुंपणापर्यंत गेला आणि परत आला.

"तुझी आई किती वर्षं जगली?" ईशानीने कॉरीला विचारलं. पुढचा रकाना तोच होता.

"चोपन्न. हृदय." कॉरीने बशी खाली ठेवली. "तुला एक सांगते, लिहायचं तर लिही. मी चोपन्न वर्षांची झाले तेव्हा वर्षभर माझं कशात लक्ष नव्हतं. रोज वाटायचं, आज. मग एक दिवस मी हिशोब केला तर मी आईपेक्षा एका दिवसाने मोठी झाले होते. मी केक केला आणि सगळ्या गल्लीला बोलावलं. कुणाला कारण सांगितलं नाही. पीटला सांगितलं फक्त, माझ्या नवऱ्याला. तो म्हणाला, बरं झालं, आता घरात जेवायला मिळेल."

ईशानी हे सगळं आजीला भरभर सांगत होती. तिचं मराठी अशा वेळी वाक्याच्या मध्येच इंग्रजीत शिरायचं आणि परत यायचं. आई ऐकत होती. सुबोधने काटा खाली ठेवला.

"बाबा, आजोबा किती वर्षांचे होते?"

"एकोणपन्नास वर्षं, पाच महिने, अठरा दिवस."

उत्तर इतक्या झटकन आलं की ते आपणच दिलं हे त्याला नंतर कळलं. शलाका दारात थांबली. तिच्या हातात कॉफीचा ट्रे होता. कॉरीला मराठी कळत नव्हतं, पण तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"वाव," ईशानी म्हणाली. "व्हेरी एक्झॅक्ट." आणि लिहू लागली.

"थांब, ते चूक आहे," आई म्हणाली.

तिने टेबलावर सांडलेला पायचा चुरा तर्जनीने गोळा केला आणि बशीच्या कडेला लावला. मग कागदाकडे पाहत, वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"एक जून ही त्यांची खरी तारीख नव्हे. ती मास्तरांनी लावलेली. त्या काळी खेड्यात पोराचा जन्म कुठे नोंदवलेला असायचा? शाळेत घालताना मास्तर वय पुरं करण्यासाठी एक जून टाकून द्यायचे. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनच."

"वेट. हाफ द क्लास हॅड द सेम बर्थडे?" ईशानीने कॉरीला ते सांगितलं. कॉरी म्हणाली, केकचा खर्च तरी वाचला असेल.

"मग खरी कुठली?" सुबोधने विचारलं.

"पुढच्या वर्षीची. एकोणपन्नास सालच्या मार्गशीर्षातली, दत्तजयंतीची. घरात फार मस्ती करायचे म्हणून साडेचार वर्षांचे असतानाच सासऱ्यांनी नेऊन शाळेत बसवलं. तुझ्या आजी सांगायच्या मला." तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. "लिही ईशानी, सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीसला पंधरा दिवस कमी."

"तू हे कधी बोलली नाहीस."

"कधी विचारलंस? नोकरीत एक जून, पेन्शनच्या कागदावर एक जून. कुठे बदलत बसायचं? आणि वाढदिवस कोण करत होतं आपल्याकडे? औक्षण व्हायचं ते पाडव्याला."

ते खरं होतं. बाबांचा वाढदिवस घरात कधी झाल्याचं सुबोधला आठवेना. एक जूनला शाळेच्या वह्या-पुस्तकांची खरेदी असायची, बस्स. गावाकडच्या दोन काकांच्या जन्मतारखाही एक जूनच होत्या, हेही त्याला आत्ता आठवलं आणि इतकी वर्षं ते आपल्या लक्षात कसं आलं नाही याचं नवल वाटलं.

तो आत गेला, जिन्यावरून वर गेला आणि फाइल उघडून पहिल्या ओळीतली तारीख बदलली. तिसऱ्या ओळीतल्या आकड्यामागे उणे चिन्ह आलं. तो दिवस दीड वर्षापूर्वीच, डिसेंबरमध्ये, होऊन गेला होता. त्याने त्या आठवड्याच्या नोंदी काढल्या. घड्याळाने एका दिवशी तीन हजार दोनशे पावलं मोजली होती, दुसऱ्या दिवशी चार हजार. फोनमध्ये त्या सबंध आठवड्यात दोनच फोटो होते. एक स्लोटरडाइकच्या ऑफिसमधल्या फळ्याचा, ज्यावर कुणीतरी बाण काढले होते. दुसरा कागदाच्या द्रोणातल्या तळलेल्या बटाट्यांचा, वर मेयोनीजचा डोंगर आणि कडेला ईशानीचा हातमोजा.

तो फोटो तो बराच वेळ पाहत राहिला. वडिलांना मागे टाकलं त्या सुमारास तो थंडीत उभा राहून तळलेले बटाटे खात होता आणि त्याला काही समजलंसुद्धा नव्हतं.

खाली आला तेव्हा शलाकाने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "किती दिवस मोजत होतास?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नाही मोजत आता."

"मी 'किती दिवस' विचारलं."

"सात वर्षं."

त्याच्या शर्टाची बाही वर सरकवून तिने दंडावरच्या वळावरून अंगठा फिरवला आणि बाही पुन्हा खाली ओढली.

त्या संध्याकाळी तो दोन वेळा भात घेऊन जेवला. मंगळवारी यंत्र कपाटात गेलं. बुधवारी ऑफिसातून येताना त्याने घड्याळाच्या आठवणी बंद केल्या आणि गाडीत त्याला इतकी गाढ झोप लागली की हार्लेम मागे पडलं आणि तो पुढच्या स्टेशनवर उतरून हसत परत आला. आई रोज त्याच्या ताटाकडे पाहायची आणि आणखी एक पोळी टाकायची.

शनिवारी दुपारी शलाका आणि ईशानी आईला घेऊन चौकातल्या बाजारात गेल्या होत्या. आईचं परतीचं विमान बुधवारी होतं आणि विमानतळावर तिच्यासाठी चाकाची खुर्ची मागायची होती. उजवा गुडघा फारच आखडला होता. अर्जात पासपोर्टचा नंबर लागत होता. सुबोधने फोन केला.

"पासपोर्ट कुठे आहे गं?"

"पोथीच्या पिशवीत बघ," आई म्हणाली. मागे बाजाराचा गलका होता आणि कुणीतरी चीजचा भाव ओरडून सांगत होतं. "नाही, थांब, मी आल्यावर देते." पण तोवर त्याने पिशवी उघडली होती.

पोथीत, पासपोर्टच्या शेजारी, चौपदरी घडी घातलेला एक कागद होता. पुण्याच्या हाडांच्या डॉक्टरांचा, नऊ जानेवारीचा. 'उजवा गुडघा, शस्त्रक्रिया, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पुढे ढकलू नये.' सुबोधने ते दोनदा वाचलं. डॉक्टर म्हणतात घाई नाही, असं तिने फोनवर सांगितलं होतं. दरवर्षी गणपतीनंतर यायची ती यंदा आंब्याचा मोसम सोडून एप्रिलमध्ये आली होती. तिकीट काढताना तिने शलाकाला एवढंच बजावलं होतं की सोळा जूनच्या आधीचं परतीचं नको. काहीतरी मुहूर्त असेल म्हणून शलाकाने विचारलं नव्हतं.

त्याने कागद उलटला. मागच्या बाजूला पेन्सिलीने गणित मांडलेलं होतं. तो सुबक, उजवीकडे झुकणारा आकडा त्याच्या ओळखीचा होता. सगळं बालपण त्याच्या वह्यांत तो लाल शाईत आला होता. सगळ्यात वर लिहिलं होतं:

'मंगळवार, १ जून १९४८, पहाटे ४ वाजून २० मि.'

त्याखाली लीप वर्षांची यादी. मग महिन्यामहिन्याचे दिवस एकाखाली एक, बेरीज, हातचे. अठरा हजार अडुसष्ट. त्याखाली त्याची स्वतःची जन्मतारीख आणि पुन्हा तीच लांबलचक मांडणी, एके ठिकाणी खोडलेली आणि दुरुस्त केलेली. तळाला उत्तर होतं, '१५ जून, रविवार', आणि त्याखाली दोन रेघा.

मास्तर तारीख लावतात. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं लावत नाहीत.

सुबोध पलंगाच्या कडेवर बसला. कपाटातलं यंत्र त्याला आठवलं आणि हात तिकडे जायला अधीर झाला. जानेवारीत, पुण्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीने हातचे मांडणारी आई त्याला दिसली. त्याची फाइल तरी आपोआप वजा होत होती. तिने रोज मनाने एकेक काढला असणार.

खाली दार वाजलं. त्याने पासपोर्ट बाहेर ठेवला, कागदाची होती तशीच घडी घातली आणि तो पोथीच्या त्याच पानात सरकवला.

आई जिन्याच्या खालीच उभी होती. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात मेथीची जुडी.

"सापडला?"

"लगेच सापडला. वरच होता."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्या हातातली मेथी घेतली आणि म्हणाला, "भाजी कर लसूण घालून. दोन पोळ्या जास्त लागतील मला."

रविवारी सकाळी ईशानीने त्याला अंथरुणातच न्याहारी आणून दिली. इथल्या फादर्स डेची पद्धत. ब्रेडवर लोण्याचा थर आणि त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, खच्चून. शाळेत रंगवलेलं एक लाकडी पाऊल, ज्यावर 'दहा हजार' असं लिहिलेलं. त्याने ब्रेड कडेपर्यंत खाल्ला. मग तो उठून बसला, बूट ओढले आणि नाडी बांधायला वाकला. मध्येच त्याचे हात थांबले. गाठ मारून तो सावकाश सरळ झाला.

खाली आई तयार होऊन बसली होती. साडी, स्वेटर आणि शलाकाचे चालायचे बूट.

"मी पण येते आज तुझ्याबरोबर फिरायला."

"गुडघा?"

"गुडघा पण येतो."

स्पार्न नदीच्या काठाने ती दोघं निघाली. एरवी हा सगळा फेरा तो वीस मिनिटांत संपवायचा. आज पहिल्या पुलापर्यंत जायलाच तेवढा वेळ गेला. आई प्रत्येक बाकाशी थांबत होती. पण बसत नव्हती, बाकाच्या पाठीला हात टेकून उभी राहत होती आणि तो पुढे गेला तर लगेच निघत होती. शेवटी तोच बसला, तेव्हा ती बसली. समोरून एक बोट गेली. बोटीत एक म्हातारा आणि त्याच्याहून म्हातारा कुत्रा होता.

"बाबा दत्तजयंतीचे, नाही का?" सुबोधने विचारलं.

"हो. दत्तजयंतीचेच."

"म्हणजे मी त्यांच्यापेक्षा मोठा आता."

"केव्हाच," आई म्हणाली.

तिने उठायच्या आधारासाठी हात पुढे केला असं त्याला वाटलं. त्याने आपला दिला. तिने त्याचं मनगट धरलं, पण उठली नाही. तिची तीन बोटं मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, टेकली आणि तिथेच राहिली. ती नदीकडे पाहत होती आणि ओठ अगदी किंचित हलत होते. त्याने हात सोडवून घेतला नाही. बोटीमागच्या लाटा काठाला येऊन शांत होईपर्यंत ती दोघं तशीच बसून राहिली.

सोमवारी सुबोध घरूनच काम करत होता. दहाच्या मीटिंगमध्ये त्याला साजूक तुपावर रवा भाजल्याचा वास आला. तो खाली गेला तेव्हा कढईत शिरा वाफेवर होता. काजू, बेदाणे, केशर. इतकं तूप या घरात दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"काय विशेष?"

"कसलं विशेष? परवा मी जाणार. राहिलेला रवा कोण संपवणार?"

तिने आधी त्याला वाटीभर दिला आणि तो खाईपर्यंत पदराला हात पुसत समोर उभी राहिली. मग झाकणाच्या डब्यात शिरा भरला.

"हा कॉरीला देऊन ये. गरम आहे तोवर."

"तिला काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. दे नुसता."

त्याने कढई घासून पालथी घातली आणि मगच डबा घेऊन निघाला. कॉरी पुढच्या बागेत गुलाब छाटत होती. तिने हातमोजे काढले, डबा घेतला, त्याची ऊब तळव्याने पाहिली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"हा तो केक आहे का?"

सुबोधने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे तो दिवस दीड वर्षापूर्वीच होऊन गेला. आईने सांगितलं होतं ना."

कॉरीने झाकण उघडलं. वाफेने तिच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

"दीड वर्षापूर्वीचा," ती म्हणाली, "आणि अजून गरम आहे."

तिने डबा दोन्ही हातांनी खिडकीच्या दिशेने उंच धरला आणि मान जराशी लववली. खिडकीत आईने घाईघाईने नळ सोडला आणि भांडी घासत असल्यासारखी मान खाली घातली. मोरीत एकही भांडं नव्हतं.